खुर्ची जरा तिरपी ठेव

तब्बसुम, पदविका झाली तुझी, छान.
भिंतीवर लाव. खिळा जरा वर मार,
बापांची नजर आधी तिथंच जाते.

आता खुर्च्या.
बापाची खुर्ची लेकराच्या मागं, हातभर तिरपी,
म्हणजे उत्तर देताना लेकरू
मान वळवून परवानगी मागणार नाही.

उदगीरचा हा वरचा गाळा,
खाली झेरॉक्स, शेजारी दातांचा दवाखाना.
जूनमध्ये जिना भरतो.
"मॅडम, लेकराला लातूरला टाकूलालोत,
बराबर हाय नव्हं?"
टाकूलालोत.
पोतं टाकावं तसं.

चाचणीचा आलेख येतो, रंगीत.
दाखव, पण लगेच नको.
आधी विचार, बंद पडलेला पंखा घरात कोण उघडतं,
लग्नात आहेराची वही कुणाकडं असते,
आजारी म्हशीजवळ रात्री कोण बसतं.
मग गप्प बस.

गप्प बसणं तुझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.
मला ते शिवकांतानं शिकवलं.
अकरा मिनिटं ओढणीचा गोंडा उसवत राहिली
आणि मग म्हणाली,
"मला मेलेल्या माणसांची भीती वाटत नाही."
आता नांदेडला शवविच्छेदनाच्या खोलीत काम करते.
दिवाळीला बालुशाही आणते.
तिची आई अजून एवढंच सांगते,
दवाखान्यात आहे.

आणि हे पण ऐक.
दोन हजार सातला व्यंकट गुंडरेला मीच म्हणाले,
डी.एड. कर पोरा, भाकरी पक्की.
पुढं भरतीच आटली.
मोंढ्याच्या तोंडाशी त्याचं किराणा दुकान आहे.
मला पाहिलं की उठून उभा राहतो,
तूरडाळ तोलतो,
काटा सरळ झाला तरी वर एक मूठ टाकतो.
ती मूठ मला पचत नाही.

म्हणून खणात एक वही आहे, लाल पाठीची.
माझ्या सल्ल्यानं चुकलेल्यांची.
सतरा नावं.
तू तुझी वेगळी कर.
कोरी राहील, या भ्रमात राहू नको.

काल एक पोरगं,
बाप खाली गाडी लावतोय तेवढ्यात, म्हणालं,
"तुमाला काय व्हायचं होतं?"
बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी.
मी उगीच कागदांत काहीतरी शोधू लागले.
जिन्यात बापाची चप्पल वाजली.

असो.
दार तू उघड आज.
मी माठ भरून घेते.