रकाना सातवा

गुहागरहून फॉर्म आलाय.
रकाना सातवा: खेळामुळे विद्यार्थ्यात दिसून आलेला बदल.
दोन ओळींत लिहा.

आमचं मैदान दिवसातून दोनदा बुडतं.
सराव घंटेवर नाही, ओहोटीवर.
वेळ रोज पाऊण तास पुढे सरकते,
हे गणित पाचवीतल्या पोरांना
माझ्याआधी कळतं.
खांब म्हणजे पालशेतकरांच्या मोडक्या होडीची डोलकाठी,
मधोमध कापलेली.
फक्कीच्या रेषा रोज नव्या.

उस्मान सोलकर, सहावी.
शब्दाच्या उंबऱ्यावरच अडखळायचा.
हजेरीला नुसता हात वर.
पंधरा दिवस तो पुढच्याच्या पाठीवर थाप मारायचा
आणि ओठ नुसते हलायचे.
पुढचा, प्रल्हाद खडपेकर, उठायचा नाही.
बरोबरच होतं त्याचं,
न ऐकलेल्या शब्दावर उठलं तर फाऊल.
पण तो हसायचाही नाही.
हे मी शिकवलेलं नव्हतं.

मग अमावास्येच्या ओहोटीला,
पाणी पार खडपांपलीकडे गेलेलं,
आला "खो"!
एवढा मोठा की पुळणीवरच्या कुर्ल्या
पटापट बिळांत.
प्रल्हाद उठायचंच विसरला.

दुर्वा जाक्कर धाकट्याला कडेवर घेऊन येते,
खांबापाशी बसवते, हातात शिंपला देते,
आणि पळताना एक डोळा त्याच्यावर,
एक चढाईवाल्यावर.
रत्नागिरीला हरली. एसटीत जयगड येईपर्यंत रडली,
मग सगळ्यांच्या डब्यांतली
सुकट संपवली तिनं.

आणि मयूरेश.
बारा नावं पाठवायची होती, तो तेरावा.
यादी मी फळ्यावर लिहिली, पाठमोरा उभा राहून.
त्यानंतर तो आला नाही.
परवा बंदरावर दिसला, आजोबांबरोबर जाळं सांधत.
मान वर केली नाही.
सुई मात्र थांबली.
हाही बदलच.
हा कुठल्या रकान्यात?

लिहिलं शेवटी:
"सांघिक भावना वाढली. आत्मविश्वास वाढला."
दोन ओळींत बसलं.
सही, शिक्का.

खिडकीतून दिसतं, पाणी चौथ्या चौकोनापर्यंत आलंय,
उस्मान तिथं अजून बसलेला,
पाठ ताठ, घोटे ओले,
कुणी नसताना.

खो लांबून देता येत नाही,
जवळ जावं लागतं.
उद्या ओहोटी सव्वापाचला.
बंदरावरून वळून जाईन म्हणतो.
फक्कीही संपलीय, तीही बघायला हवी.