झाड नसलेल्या बेटावरचं जंगल

ऑर्कनीतल्या आमच्या बेटावर झाड नाही.
म्हणजे आहे एक, पाळकाच्या भिंतीआड,
भिंतीइतकंच उंच. त्यावर डोकं काढलं
की वारा छाटतो. वारा इथे पाचवीलाच पुजलेला.

आणि सुनिव्हा ड्रेव्हरनं निवडलं ते नाटक
चारशे वर्षांपूर्वीचं, हसायचं,
पाचांतले चार अंक जंगलात.
'जंगल आणायचं कुठून?' मी विचारलं.
'शाळेतून,' ती म्हणाली.

सात मुलं. हातात किनाऱ्याला लागलेल्या काठ्या,
काठ्यांवर फाटकी मासेजाळी, हिरवी नि निळी.
हलायचं नाही, एवढाच त्यांचा पाठ.
वाऱ्यानं हललात तर चालेल.

सरदार झाला फेरीबोटीवरचा इंजिनवाला मॅन्सी फ्लेट,
मखमली झग्याखाली गमबूट.
गुरांची डॉक्टर थोरा नायिका;
पुरुषवेशासाठी तिला
फक्त कामावरून थेट यावं लागलं.

मी प्रॉम्प्टर. दगडी बांधामागे, मांडीवर वही.
मी पुरवलेला शब्द वारा उचलतो
आणि नॉर्वेला नेऊन टाकतो.
बारा वर्षं मी नॉर्वेला वाक्यं पुरवतेय.

चौथ्या अंकात रात्र.
इकडेही वाजले होते दहा,
पण जूनचं ऊन कुरणावर अजून लांबच लांब पसरलेलं.
मॅन्सीनं कंदील उंचावला, म्हणाला,
'डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही!'
समोरची शंभर माणसं कपाळावर आडवा हात धरून
उन्हातून त्याला बघत होती.
जे हसली, ते हसू वहीत नव्हतं.

तेवढ्यात तिसरं झाड पेंगलं.
लिव्ह रेंडल, वय सहा.
आधी जाळं, मग काठी कलली, मग ती
हळूच गवतावर.

थोरा थबकली. पुढचं वाक्य
माझ्या बोटाखाली होतं, तरी मला सापडेना.
मॅन्सीनं कंदील खाली ठेवला,
झगा काढून झाडावर पांघरला,
आणि मग उरलेलं सगळं,
भांडण, गैरसमज, ओळख पटणं,
कुजबुजत झालं.
मागच्या बाकांना काही ऐकू गेलं नसणार.
'मोठ्यानं!' असं कुणी ओरडलं नाही.

तीन लग्नं लागली. टाळ्या बोटांनीच वाजल्या.
थोरानं जंगल खांद्यावर घेतलं, गाडीकडे निघाली.
काठी काही त्या मुठीतून सुटेना,
दार लावताना तिरकी करावी लागली.

मेंढ्या फाटकाशी केव्हाच्या ताटकळलेल्या.
मी वही बगलेत मारली
आणि कडी काढली.