अर्धा तास

तेरावा गोळा पडला, आणि फुटला नाही.
धूळ बसली. टिटवी ओरडली एकदा.
नियम आहे : अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही.

थांबलो पत्र्याच्या शेडखाली,
तापीच्या अल्याड, भुसावळचा मे,
लोखंडी खुर्चीला हात लागला की चटका आधी, शिवी नंतर.

दिल्लीहून फोन. "मॅडम, काय कळवू वर?"
म्हटलं, अजून वीस मिनिटं आहेत.
"पण बारा फुटलेच ना? नव्वदच्या वर टक्के."
बारा फुटले.
तेराव्याजवळून उद्या एखादं पोर बंदूक घेऊन चालेल,
त्याचे टक्के कसे काढतात
हे संचालकांच्या प्रशिक्षणात नव्हतं.

यंत्राला हात लावून मला अकरा वर्षं झाली.
आता माझी हत्यारं : हिरवी शाई, "चर्चा करावी",
आणि संसदेतल्या प्रश्नाला
तीन ओळींत काहीच न सांगणारं उत्तर.

तुषार फिरके, वय सव्वीस. फ्यूज त्याचा.
कोपऱ्यात उभा, ओठ सुकलेले,
माळाकडे बघतोय, निकाल लागायचा असल्यासारखा.
गुलशेर तडवींनी खिशातून कांदा काढून त्याला दिला.
"राहू दे जवळ. उन्हाचा."
छत्तीस वर्षं दारू हाताळलेला माणूस,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.

माझे वडील फैजपूरला जिनिंगात कापूस पारखत.
चिमटीत धरून धागा ओढायचे,
आखूड निघाला तर आखूड लिहायचे,
गाडी कुणाचीही असो.
दोनदा नोकरी गेली त्यापायी. तेही लिहायला हवं.

टिपण आलं : चाचणी बहुतांशी यशस्वी.
मी बहुतांशी खोडलं. मग यशस्वी.
लिहिलं : एक फुटला नाही. का, अजून माहीत नाही.
जबाबदारी माझी.
खाली सही, वेळ.
तुषारने वाचलं आणि बूट बघत राहिला.

तीस मिनिटं.
गुलशेरभाऊ उठले, विजार झटकली.
मीही उठले.
"तुम्ही नाही," ते म्हणाले, "तुमची सही लागते."

झळांनी त्यांचे पाय गुडघ्यापासून पुसले,
मग कंबर.
मी पावलं मोजत होते, दोनशे दहापर्यंत दिसली.
हातात कांदा होता.
तुषारने कधी दिला, आठवत नाही.