डाव्या पानावर, खाली

झोपे सरांचा वनस्पतिशास्त्राचा तास.
आडनावावर हसून झालं होतं पहिल्याच आठवड्यात.
फैजपूरच्या त्या खोलीत पंखा फिरायचा,
फक्त फिरायचा.

मी टाईप करायचे. सगळं.
सरांचं "हां, तर", सरांचा खोकला,
"मागची खिडकी लावा रे" हेसुद्धा
माझ्या फाईलीत आहे, तारखेसकट.
कानातून आलेलं बोटांतून निघून जायचं,
निंभोऱ्याहून सुपरफास्ट जाते तसं,
फलाटावर धूळ उडवून.

मुबारक तडवीकडे दोनशे पानी वही.
सरांच्या वेगाला त्याचा हात पुरायचा नाही.
मग तो थांबायचा, ऐकायचा,
काय सोडायचं ते ठरवायचा
आणि चार वाक्यांचं मिळून एक लिहायचा,
तेही ऱ्हस्व-दीर्घ चुकवून.
केळीचं चित्र काढलं तर ते
घडाच्या वजनानं कललेलं, बांबूचा टेकू दिलेलं.
पुस्तकात टेकू नव्हता.

"अरे, निम्मं सुटतंय तुझं."
"सुटू दे ना बाई."

पेपरात आलं :
केळीच्या खोडाला आभासी खोड का म्हणतात?
मी डोळे मिटले. फाईल दिसली,
तिचं नाव दिसलं, तारीख दिसली.
आत पांढरं.
मागची खिडकी लावा रे.

आणि मी सावद्याची, बागेतच वाढलेली!

बाहेर आल्यावर त्याला विचारलं.
म्हणाला, डाव्या पानावर, खाली.
तिथं पेन अडलं होतं.

वही मागून आणली.
न्हाणीत बाबांचा कापणीचा सदरा भिजत होता,
चिकाचे काळे डाग घेऊन.
आई म्हणते, कापड फाटेल एखाद वेळी,
डाग जायचा नाही. तरी दर वेळी घासते.

मी लिहायला बसले.
तीन ओळींत मनगट भरून आलं.
माझंच अक्षर, बारावीनंतर भेटलं नव्हतं,
जरा परकं वागलं.
देठांची आवरणं, एकात एक, एकात एक,
उभं दिसतं ते खोड नव्हेच,
खरं खोड जमिनीखाली.
'खाली' दोनदा गिरवलं.
मुद्दाम नाही, रिफिल चालेना.

"पेपर तर झाला ना?" आई.
"झाला."
"मग?"

बोटाला शाई लागली होती.
साबणानं निघाली.
बाकीचं बघू.