तळटीप एक्केचाळीस

कलिन्याला, विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी
झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर मी प्रबंध जुळवते.
पानाला अठरा रुपये. तक्त्यांचे वेगळे.
दुव्यांचे पैसे मी घेत नाही.

दर तीन मिनिटांनी छपरावरून विमान उतरतं.
तेवढा वेळ मी आणि गिऱ्हाईक तोंडं मिटून बसतो,
मग वाक्य जिथं तुटलं तिथून पुढे.

हेमकांत वैतीनं विचारलं, हे करता कसं?
सोपंय, म्हटलं. आधी उलटा तिरपा दंड,
म्हणजे यंत्राला कळतं की आता आपल्याशी बोलतायत,
वाचणाऱ्याशी नाही.
मग आज्ञा. मग महिरपी कंसांच्या दोन जोड्या,
पहिल्या महिरपीत जायचं कुठे,
दुसरीत दिसायचं काय.
तळटीपेत टक्क्याचं चिन्ह तेवढं जपायचं.
मोकळं सुटलं तर ओळीचं उरलेलं सगळं गिळतं,
आणि वर यंत्र बोंब मारतं, कंस उघडा राहिला म्हणून.

प्रबंध भांडुप-कांजूरच्या मिठागरांच्या नावांवर.
एकशे बारा तळटीपा.
नकाशे, मोजण्या, परदेशातल्या कुठल्याशा दप्तरखान्यातली
मिठाची वही; एकेक पत्ता दीड वीत लांब.
त्यातले नऊ मेलेले. त्यांच्यापुढे आम्ही
‘अमुक तारखेला पाहिले’ असं घातलं,
श्राद्धाची तिथी घालावी तसं.

एक्केचाळीसला नुसतंच: आईनं सांगितलं.
शेजारी मार्गदर्शक बाईंचं लाल पेन: दुवा?

तो पडद्याकडे बघत राहिला. एक विमान गेलं.
दुसरं गेलं.
ती कुठल्याच दप्तरात नाय हो, म्हणाला,
रेशन कार्डावरपण नाव चुकलंय.
नंबर आहे? मी विचारलं.

पहिल्या महिरपीत मथुराबाय वैतींचा मोबाईल,
देशाच्या आकड्यासकट.
दुसरीत: आईनं सांगितलं.
एकदा चालवलं, तर सगळीकडे प्रश्नचिन्हं.
पुन्हा चालवलं, आकडे जागेवर बसले.
छान निळं उमटलं होतं. पण विद्यापीठाचा नियम,
दुवे काळेच हवेत.
काळे केले.
आता डोळ्याला काही कळायचं नाही,
बोट लागलं तरच.

तोंडी परीक्षेला सोलापूरहून आलेले सर
फोनवरच वाचत होते, अंगठ्यानं पानं ढकलत.
(हे मला हेमकांतनं जिन्यातच सांगितलं, धापा टाकत.)
‘काळं आगर’पाशी थांबले.
चिखल काळा म्हणून काळं, हे कशावरून?
आणि अंगठा एक्केचाळीसवर टेकला.
फोननं विचारलं, लावू?
सरांनी न वाचताच हो म्हटलं.

कोन?
सर गडबडले. नाव, हुद्दा, विद्यापीठ,
सगळं ओळीनं सांगून बसले.
बोला ना मंग.
आता दुसरं काय करणार, सरांनी तोच प्रश्न विचारला.

काला नाय वं, सायेब. कालू.
बायमानूस व्हती ती. मिठाच्या टोपल्या मोजाची.
रंगाचं नाव कोन ठेवल आगराला?
सगल्याच आगरांचा चिखल कालाच.

डॉक्टर झाला तो. दुरुस्तीसकट.
सत्तावीस ठिकाणी मी अनुस्वार काढला,
ळ चा ल केला, उकार दिला.
काळू करू का, एकदा विचारलं.
नको, म्हणाला. ती म्हणते तसं.
मागच्या सूचीत ‘रंगावरून’खालून उचलून
तिला ‘माणसांवरून’मध्ये बसवलं.
तिथं आधी दोनच नावं होती,
दोन्ही मालकांची.

पैसे मोजताना म्हणाला, आईचा निरोप आहे,
दिवाळीनंतर कंपनी बदलतेय,
हा नंबर चालणार नाय, पोरीला सांग.

विमान येत होतं. काही बोलले नाही.
खाली एक्केचाळीसपुढे
कालची तारीख घातली, आणि दोनदा चालवलं.