दारफाळणीचा सण

दुपार कलली की अठरावा अध्याय येतो, हे मला ठाऊक होतं.
पडद्यामागे आम्ही सात बायका, जीभ टाळूला चिकटलेली,
वर पत्र्यावर भुसावळचं आश्विनातलं ऊन.
मसाजीबाबांचं रेल्वे क्वार्टर, दारं लावलेली:
वर्षातून एक दिवस तीच आमची मशीद.

वाद आठवड्याआधीच झाला होता, मालधक्क्यामागच्या ओट्यावर.
रहमीनकाका म्हणाले, नफ्तालीने तो पाठ वाचू नये,
ज्याच्यावर लिहिलंय त्यानेच तो वाचायचा?
गार्ड हन्नोक म्हणाले, मग तू वाच.
गुंडाळीत काना नाही, वेलांटी नाही, येतं तुला?
कुणी म्हणालं, एकोणिसावा घेऊ त्याऐवजी,
त्यात शेजाऱ्यावर प्रीती आहे.
मसाजीबाबा म्हणाले, नेमलेला पाठ गाळायचा नाही.
पोरगा मला आवडतो.
माझ्या आवडीने अक्षर जागचं हलत नाही.

तेव्हा माझा भाऊ बोलला, शेडमधून आलेला,
नखांत ग्रीस:
"शब्द आहे तोएवा. मराठीत आपण अमंगळ म्हणतो.
योसेफाच्या घरी मिसरी लोक
इब्र्यांच्या पंगतीला बसेनात, तिथेही हाच शब्द.
म्हणजे तेव्हा आपण अमंगळ.
आणि खोट्या वजनांना, बाबा, तिथेही हाच."
रहमीनकाकांची केळीची वखार होती.
कुणी हसलं नाही.

बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "वजनांचं खरं बोललास.
पण त्याने हे वचन हलकं होत नाही रे,
आमची पापं जड होतात."
"मी हलकं करा म्हणत नाही,
मी वाचतो म्हणतोय."

आणि तो वाचत होता.
चांदीचं बोट ओळीवरून सरकत होतं,
बाबा शेजारी उभे, चुकलं तर सांगायला.
एकविसाव्या वचनापर्यंत सूर सपाट,
रुळासारखा.
बाविसाव्यात शेवटच्या शब्दाआधी तो थांबला.
घसा कोरडा असेल. सगळ्यांचाच होता.
यार्डात शंटिंगचा एक धक्का, मग डबेच्या डबे
एकमेकांवर आदळत लांब गेले.
शब्द सांगणं बाबांचं काम होतं.
बाबांनी तो सांगितला नाही.
पडद्याच्या फटीतून मला त्यांचा हात दिसला,
नफ्तालीच्या कोपराला टेकलेला,
धरलेला नव्हे.

मग नफ्तालीने तो शब्द स्वतःच म्हटला,
अख्खा, अक्षर न गिळता.
बाबा हळूच म्हणाले, "बरोबर."

चांदण्या दिसल्यावर शोफार वाजला,
त्याच्यावरच शेडचा भोंगा.
दारं उघडली.
निंबाखाली लीलाधर नेहेते उभा, ड्यूटीवरून तसाच आलेला,
पाण्याची कळशी आणि केळीची एक फणी घेऊन.
मी विचारलं, कधीपासून?
"दुपारपासून. आत येऊ नको म्हणे तो."
रहमीनकाका मागच्या दाराने गेले.
बाबांनी पेला भरून आधी नफ्तालीला दिला,
मग स्वतः प्यायले, उभ्यानेच.
लीलाधरकडे त्यांनी पाहिलं नाही.
पेला मात्र त्याच्याच हातात परत दिला.

आता भुसावळात आमच्यातलं कुणी नाही.
गुंडाळी ठाण्याला गेली, बाबा मातीत.
ते "बरोबर" वाचण्याला होतं की आणखी कशाला,
यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत.
नफ्ताली कुठल्याच पक्षात नाही.
तो म्हणतो, पाणी कोमट होतं.