कलम तीन, मराठी प्रत

वेंगुर्ल्याच्या कोर्टामागे, झेरॉक्सच्या दुकानात
मी इंग्रजी कागदांचं मराठी करते.
पानाला साठ रुपये.
खरेदीखत, वारसदाखला, क्वचित बोटीच्या विम्याचा वाद.
या आठवड्यात एका आंतरराष्ट्रीय करारातली
चार पानं आली.

पुनाजी गिरप समोर स्टुलावर बसलाय,
डाव्या कुशीला हात लावून.
खलाशी म्हणून गेला होता.
बोट एका देशाची, दलाल दुसऱ्या,
इस्पितळ तिसऱ्या,
आणि ज्याच्या पोटात आता याचं मूत्रपिंड
रात्रंदिवस राबतंय, तो कुठला,
फिर्यादीत तो रकाना मोकळा.
व्रण तेवढा वेंगुर्ला तालुक्यातला.

वकील म्हणाले, म्हणूनच करार हवा.
गुन्हा दर्या ओलांडतो,
आपला हवालदार जेटीवर थांबतो.

'अवयव काढून घेणे' असं लिहिलं,
तर पुनाजीची मुलगी, आठवीतली,
बाकावर गणित करता करता म्हणाली,
बाई, आम्हालाही हेच आलंय. अवयव पाडा.
तिच्या वहीत क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा.
दोन्ही कंस बरोबर होते.
मी बरोबर म्हटलं, आणि कोणीच काही बोललं नाही.

मग संमतीचा मजकूर. तीनदा खोडला.
शेवटी मोठ्यानं वाचला:
फसवून, धाक घालून
किंवा असहायतेचा फायदा घेऊन मिळवलेली
संमती गैरलागू समजावी.

पुनाजीला आवडलं नाही.
"पैशे घेतलंय मी. होडयेक इंजिन घातलंय.
खोटा कित्याक बोलू?
बंदरार एकदा हो म्हटला काय म्हटला.
माझो हो गैरलागू,
मगे माझा लागू काय?"

म्हटलं, कायदा तुम्हाला सोडवतोय.
"सोडवू दे," म्हणाला. "पण माका इचारून."

झेरॉक्स मशीन तापून बंद पडलं होतं.
तिसऱ्या देशाकडून पत्राला उत्तर नाही.
पुढची तारीख गणपतीनंतर.

मूळ मजकुरात बदल करायचा मला अधिकार नाही.
तळटीप देता येते.
'संमती'वर एक तारा काढला, खाली लिहिलं:
या माणसाने हो म्हटलं होतं.
त्याला नेमकं काय विचारलं गेलं,
कुठल्या भाषेत, किती वाजता, किती दिवस उपाशी असताना,
ते आधी शोधावं.

पुनाजीने बोट ठेवून सावकाश वाचलं.
'उपाशी'पाशी थांबला. पुन्हा वाचलं.
"ह्या चलात," म्हणाला.